पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद जोतीराव फुले

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात एका निवृत्त शिक्षकबंधूंनी दिलेल्या भाषणाची संहिता)



आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीने मला ‘समाज आणि नगरसेवा’ या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले, हा माझा मोठा गौरव आहे. मी काही विद्वान नव्हे. मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होऊन प्राथमिक शाळेतील शिक्षक झालो आणि नगरपालिकेच्या शाळांतून मुलांना अक्षरे गिरवावयास शिकविण्यातच माझे आयुष्य गेले. त्यामुळे पांडित्याची अपेक्षा आपण माझ्याकडून करू नये. परंतु नगरपालिका म्हणजे काय चीज आहे, तिच्या एका ठरावाने शाळेचे छप्पर कसे उभे राहते आणि दुसऱ्या ठरावाने ते वर्षानुवर्षे कसे गळत राहते, हे मी जवळून पाहिले आहे. त्या अनुभवाच्या आधारे मी आज बोलणार आहे.

महात्मा जोतीराव फुले यांचे नाव घेतल्याशिवाय आपले एकही संमेलन सुरू होत नाही. त्यांच्या तसबिरीस हार घातला जातो, त्यांनी व सावित्रीबाईंनी सन १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली हे सांगितले जाते, २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला हे सांगितले जाते, ‘गुलामगिरी’ आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांचा उल्लेख होतो. हे सर्व योग्यच आहे. परंतु त्यांच्या चरित्रातील एक प्रकरण मात्र आपण सहसा उघडीत नाही. जोतीराव सन १८७६ पासून १८८२ पर्यंत पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ते नगरसेवक होते. आपल्यापैकी अनेकांच्या घरांतील मुले, सुना, भाऊ आज नगरपालिकेच्या व महानगरपालिकेच्या राजकारणात उतरत असताना, आपल्या या पहिल्या नगरसेवकाने ती सहा वर्षे कशी काढली, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम त्या वेळची म्युनिसिपालिटी कशी होती ते ध्यानात घेऊ. पुण्याची म्युनिसिपालिटी सन १८५७ मध्ये सुरू झाली. आज आपण वॉर्डावॉर्डांतून मते मागतो, मिरवणुका काढतो, तसे त्या काळी काही नव्हते. सभासदांची नेमणूक सरकार करीत असे. साहजिकच तेथे बसणारा मनुष्य सरकारदरबारी वजन असलेला, पैशाने भरलेला किंवा पदवीने मिरविणारा असे. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याविषयीचा सुप्रसिद्ध ठराव मे १८८२ मध्ये निघाला आणि त्यानंतर लोकनियुक्त सभासदांची वाट हळूहळू मोकळी झाली. म्हणजे जोतीरावांची सभासदत्वाची वर्षे ही त्या पहाटेच्या आधीची वर्षे होती. ज्या सरकारने नेमले त्याच सरकारच्या मर्जीवर ते पद अवलंबून होते, ही गोष्ट विसरू नका. पुढे जे सांगावयाचे आहे त्याचे मर्म यातच आहे.

अशा सभागृहात जोतीराव गेले तेव्हा त्यांचे वय एकोणपन्नास वर्षांचे होते. फुलांचा व भाजीपाल्याचा धंदा करणाऱ्या माळ्याच्या घरात ते जन्मले, स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. शेती केली, व्यापार केला, बांधकामाची कंत्राटे घेतली. खडकवासल्याचे धरण, येरवड्याचा पूल अशा कामांशी कंत्राटदार या नात्याने त्यांचा संबंध आला. दगड फोडणारा वडार, चुना वाहणारी बाई, पाट्या उचलणारे पोर यांचे जिणे त्यांनी कामाच्या जागेवर उभे राहून पाहिले होते. स्वतःच्या कष्टाची भाकर स्वतः मिळविणारा मनुष्य सभागृहात गेला म्हणजे त्याची जीभ मोकळी असते. जो पोटासाठी सभागृहात जातो त्याची जीभ पोटाशी बांधलेली असते. हा भेद मी मुद्दाम सांगत आहे, कारण आज तो आपल्याला फार उपयोगी पडणार आहे.

त्या वर्षांतील परिस्थितीही डोळ्यांसमोर आणा. सन १८७६-७७ मध्ये दख्खनवर भयंकर दुष्काळ पडला. पुणे, नगर, सोलापूर या भागांतील गावेच्या गावे ओस पडू लागली. माणसे झाडपाला खाऊ लागली, गुरे खुंट्याला मेली, आईबापांवाचून मुले रस्त्यावर आली. सत्यशोधक समाजाने त्या वेळी अन्नदानाचे काम हाती घेतले आणि सावित्रीबाई जुन्नर-ओतूरच्या भागात त्या कामासाठी स्वतः फिरत होत्या. अनाथ मुलांच्या सोयीसाठी लोकांनी मदत करावी असे विनंतीपत्र जोतीरावांनी मे १८७७ मध्ये काढले. त्याच दुष्काळात १ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी दिल्लीस मोठा दरबार भरविला. एकीकडे कोरड्या विहिरी आणि दुसरीकडे हत्तींच्या अंबाऱ्या, असे ते दिवस होते. म्युनिसिपालिटीचे सभासद जोतीराव दिवसा सभागृहात बसत, आणि घरी परतले की दारात दुष्काळाने आणलेली माणसे उभी असत.

आता त्यांच्या सभासदत्वातील दोन-तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट दारूच्या दुकानांची. १८ जुलै १८८० रोजी जोतीरावांनी म्युनिसिपालिटीच्या कार्यकारी समितीचे काम पाहणारे प्लंकेट यांना एक पत्र लिहिले. त्या पत्राचा आशय असा की, पूर्वी शहराच्या बाहेर एखाददुसरे दारूचे दुकान असे, आता शहराच्या भरवस्तीत दुकाने निघाली आहेत. म्युनिसिपालिटी लोकांच्या आरोग्यासाठी पैसा खर्च करते, आणि त्याच लोकांचे शरीर व संसार दारू धुळीस मिळवीत आहे. याचा बंदोबस्त झाला पाहिजे. दारूपासून सरकारला उत्पन्न मिळत होते, हे आपण जाणताच. म्हणजे सरकारच्या तिजोरीत जेथून पैसा येतो त्या वाटेवरच सरकारनियुक्त सभासदाने बोट ठेवले.

यात शिकण्यासारखे काय आहे ते सांगतो. दारू वाईट आहे असे व्याख्यान कोणीही देतो. जोतीरावांनी दारूचा प्रश्न नगराच्या आरोग्याचा व नगराच्या जमाखर्चाचा प्रश्न म्हणून मांडला. गटारे साफ करण्यासाठी खर्च करावयाचा आणि माणूस गटारात पडेल अशी सोय शेजारीच करावयाची, हा हिशेब कोणत्या शाळेत शिकविला जातो, असे त्यांचे म्हणणे होते असे समजा. उपदेशाने प्रश्न सुटत नाही, तो जेथे सुटू शकतो त्या कचेरीत लेखी स्वरूपात नेऊन ठेवावा लागतो, हे या सभासदाला कळत होते.

दुसरी गोष्ट हजार रुपयांची. लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दीच्या अखेरीस त्यांची स्वारी पुण्यास यावयाची होती. शहर शृंगारावे, पाहुण्यांचे स्वागत थाटाने व्हावे म्हणून म्युनिसिपालिटीने एक हजार रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव आला. त्या वेळी सभासद बत्तीस होते, आणि सगळे सरकारने नेमलेले. व्हाइसरॉयच्या स्वागताला कोण नाही म्हणणार? दुष्काळाच्या वर्षी दिल्लीचा दरबार भरविणारे आणि सन १८७८ मध्ये देशी वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप लावणारा कायदा करणारे हेच ते लिटनसाहेब. जोतीरावांनी सांगितले की हा पैसा करदात्यांचा आहे, तो रोषणाईत उडविण्यापेक्षा गरिबांच्या मुलांच्या शिक्षणावर खर्च करावा. प्रस्ताव मतास टाकला तेव्हा बत्तीस सभासदांपैकी एकट्या जोतीरावांनी विरुद्ध मत दिले. ठराव अर्थातच संमत झाला.

बंधुभगिनींनो, या प्रसंगावर क्षणभर थांबा. आमच्यातील तरुण मला विचारतात, “गुरुजी, एका मताने काय झाले? पैसे खर्च व्हावयाचे ते झालेच ना?” प्रश्न रास्त आहे. व्यवहार पाहिला तर जोतीराव हरले. परंतु त्या दिवशी ज्यांनी बाजूने मत दिले त्या एकतीस जणांपैकी किती जणांची नावे आपणांस सांगता येतील? त्यांत विद्वान होते, धनिक होते, सरकारमान्य होते. त्यांचे मत पाहुण्याबरोबर आले व पाहुण्याबरोबर गेले. एकाचे मत मात्र आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही शिक्षकाला वर्गात सांगता येते. सभागृहातील मताचे दोन उपयोग असतात. एक त्या दिवसाचे काम करून घेण्याचा आणि दुसरा पुढे येणाऱ्यांना वाट दाखविण्याचा. पहिला उपयोग संख्येने साधतो. दुसऱ्याला एकच मनुष्य पुरतो, मात्र तो मनुष्य असावा लागतो.

तिसरी गोष्ट मंडईची. पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत भरत असे. नंतर शुक्रवार पेठेत मोठी दगडी मंडई बांधण्याचे ठरले आणि सन १८८६ मध्ये ती रे मार्केट या नावाने सुरू झाली. या मोठ्या खर्चाला जोतीरावांचा विरोध होता. भाजी विकणाऱ्या माळ्याच्या घरात जन्मलेला मनुष्य मंडईला विरोध करतो, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. मंडई झाली तर आपल्याच जातीच्या बागवानांना पक्के ओटे मिळतील, असा हिशेब त्यांना करता आला नसता काय? परंतु त्यांचा विचार वेगळा होता. शहरातील बहुजनांची मुले शाळेवाचून फिरत असताना नगराचा एवढा पैसा दगडमातीत घालावा की शिक्षणात घालावा, हा त्यांचा सवाल होता. पुढे काळाने गंमत केली. आचार्य अत्रे पुणे म्युनिसिपालिटीत असताना त्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला ‘महात्मा फुले मंडई’ हे नाव मिळाले. आज लाखो माणसे तेथे भाजी घेतात आणि ज्याने त्या इमारतीच्या खर्चाला हरकत घेतली त्याचेच नाव घेतात. नाव देणारांनी चांगलेच केले. मात्र नावाबरोबर त्यांचा सवालही त्या इमारतीवर कोठेतरी कोरला असता, तर अधिक बरे झाले असते असे मला वाटते.

मंडई हवी की नको, यावर दोन मते असू शकतात. बाजाराची इमारत ही शहराची गरज असते, हे मीही मान्य करतो. मला सांगावयाचे आहे ते एवढेच की, आपल्या ज्ञातीच्या सोयीचा प्रश्न समोर असतानाही या सभासदाने आधी नगराच्या गरजांची क्रमवारी लावली. पहिली गरज कोणती, दुसरी कोणती, हे ठरविणे म्हणजेच नगरसेवकाचे काम होय. अंदाजपत्रक म्हणजे दुसरे काय? ते आकड्यांत लिहिलेले पापपुण्य असते.

आता चौथी गोष्ट, आणि ती आम्हा शिक्षकांच्या जिव्हाळ्याची आहे. सन १८८२ मध्ये सरकारने शिक्षणाची चौकशी करण्यासाठी हंटर कमिशन नेमले. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी त्या कमिशनपुढे आपले निवेदन सादर केले. त्या निवेदनाखाली त्यांनी आपली ओळख कशी दिली आहे ते पाहण्यासारखे आहे. व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर, पेठ जुना गंज, एवढीच ती ओळख. ग्रंथकार लिहिले नाही, समाजसंस्थापक लिहिले नाही. धंदा आणि नगराची सेवा या दोनच गोष्टी त्यांनी आपल्या नावाखाली लिहिल्या.

या निवेदनात त्यांनी काय मागितले? इलाख्यातील नऊ-दशांश खेड्यांतील, म्हणजे सुमारे दहा लक्ष मुलांना प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नाही, हे त्यांनी कमिशनच्या नजरेस आणले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे असे सांगितले. मुलांना मोडी व बाळबोध वाचन, लेखन, हिशेब, इतिहास-भूगोलाची तोंडओळख, व्याकरण, शेतकीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्य एवढे शिकवावे असा अभ्यासक्रम सुचविला. शिक्षकाचा पगार बारा रुपयांहून कमी असू नये, मोठ्या गावी तो पंधरा ते वीस रुपये असावा, असेही लिहिले. ज्या काळी प्राथमिक शिक्षकास कोणी विचारीत नसे, त्या काळी एका नगरसेवकाने त्याच्या पोटाची काळजी केली, हे वाचून माझ्यासारख्याचा ऊर भरून येतो.

परंतु त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. मोठ्या शहरांतील प्राथमिक शाळांचा खर्च म्युनिसिपालिट्यांनी उचलावा, असे त्यांनी मागितले. आणि त्याच दमात सांगितले की, शाळांचा कारभार मात्र संपूर्णपणे म्युनिसिपालिट्यांच्या स्वाधीन करू नये, त्यावर शिक्षणखात्याची देखरेख असावी. हे कोण सांगत होते? स्वतः म्युनिसिपालिटीचा सभासद! आपल्या हाती अधिक सत्ता यावी असे कोणास वाटत नाही? पण जोतीरावांनी ते सभागृह आतून पाहिले होते. तेथे कोण बसतो, कोणाचे हित पाहिले जाते आणि गरिबाच्या मुलाची आठवण कोणास राहते, हे त्यांना ठाऊक होते. आपण ज्या संस्थेत बसतो तिच्यावरही पहारा असावा असे जो म्हणतो, तोच खरा लोकसेवक.

येथे एका शंकेचे निरसन केले पाहिजे. काही लोक म्हणतात की, जोतीराव हे एका जातीचे पुढारी होते. आपल्यातीलही काही भाबडी मंडळी त्यांना ‘आपला माणूस’ म्हणून जातीच्या पेटीत कुलूपबंद करून ठेवतात. दोन्ही गोष्टी चूक आहेत. त्यांनी शाळा काढल्या त्या महार-मांगांच्या मुलांसाठीही काढल्या. सन १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद त्यांनी अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुला केला. सन १८६३ मध्ये बालहत्या-प्रतिबंधक गृह काढले, त्याचा आधार मुख्यतः कोणाला होता? ब्राह्मण विधवांना. आणि अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. ज्याने आपल्या वंशाच्या दिव्यासाठीही जात पाहिली नाही, त्याच्या नावाने आपण जातीच्या भिंती उंच करणे म्हणजे त्याची अवहेलना होय. मग ज्ञातिमंडळ कशासाठी, असे आपण विचाराल. माझ्या मते ज्ञातिमंडळ म्हणजे घराचा उंबरठा. घरातून बाहेर पडताना तो ओलांडावयाचा असतो. त्यावर बसून राहणाऱ्यास घर ना दार.

आता आजच्या काळाकडे वळतो, कारण आजच्या सभेपुढे एक ठराव आहे आणि त्यासंबंधी मला स्पष्ट बोलावयाचे आहे.

जोतीरावांच्या काळच्या आणि आजच्या सभागृहांत महदंतर पडले आहे. आज प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मत आहे. घटनेची चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली आणि नगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले. स्त्रियांसाठी प्रथम एकतृतीयांश जागा राखून ठेवण्यात आल्या, आणि सन २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. इतर मागासवर्गीयांसाठीही जागा राखून ठेवण्याची तरतूद झाली. जोतीरावांना जे दार एकट्याने, सरकारच्या नेमणुकीने मिळाले, ते आपल्यासाठी कायद्याने उघडले आहे. परंतु उघडलेले दारही मिटू शकते. मार्च २०२२ नंतर काही वर्षे पुण्यासह अनेक महानगरपालिकांत निवडून आलेले सभागृहच नव्हते, प्रशासकांच्या हाती कारभार होता. आपल्या वस्तीत नळ आला नाही तर कोणाच्या दारात जावयाचे, हे लोकांना कळेना. तेव्हा आपणा सर्वांच्या ध्यानात आले असेल की, नगरसेवक कितीही सामान्य असला तरी तो असणे केवढे आवश्यक आहे.

आणि नगरसेवक असूनही नसल्यासारखा असला तर काय होते, हेही मी पाहिले आहे. एका शाळेत मी नोकरीस होतो. तेथे वरच्या वर्गांतील मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हते. मुली पाचवी-सहावीत गेल्या की गैरहजर राहू लागत आणि एके दिवशी येईनाशा होत. आम्ही शिक्षकांनी अर्जांवर अर्ज केले. त्याच वर्षी आमच्या भागात एक भव्य स्वागतकमान उभी राहिली. तिच्यावर मोठमोठी नावे होती, रात्री दिवे लागत. मुलींचे स्वच्छतागृह मात्र चार वर्षांनी झाले. त्या चार वर्षांत ज्या मुली शाळा सोडून गेल्या त्या काही परत आल्या नाहीत. त्या कमानीखालून जाताना मला नेहमी त्या हजार रुपयांची आणि एका विरुद्ध मताची आठवण होई. आमच्या सभागृहात विरुद्ध मत देणारा कोणी नव्हता. कमान बांधणारे सभासद कोणत्या जातीचे होते, हे मी सांगणार नाही. सर्व जातींचे होते, आपलेही होते, एवढे पुरे.

आज सभेपुढे असा ठराव यावयाचा आहे की, निवडणुकीत उभ्या राहणाऱ्या आपल्या ज्ञातीतील प्रत्येक उमेदवारास मंडळाने पाठिंब्याचे पत्र द्यावे. ठराव मांडणाऱ्या बंधूंच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. समाजाची माणसे सभागृहात जावीत ही तळमळ माझीही आहे. कित्येक पिढ्या आपण सभागृहाच्या पायरीशी भाजीची पाटी घेऊन बसलो. आत जाऊन बसण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. तरीही मी नम्रपणे सुचवितो की, या ठरावात दुरुस्ती करावी. केवळ जन्म पाहून पत्र देऊ नये. पत्र मागणारास मंडळाने चार प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरे लेखी घ्यावीत.

पहिला प्रश्न : आपला उदरनिर्वाह कशावर चालतो? सभासदत्व हे ज्याच्या पोटाचे साधन होणार आहे, त्याला आपण नगराच्या तिजोरीजवळ पाठवू नये. दुसरा प्रश्न : आपल्या वॉर्डातील नगरपालिकेच्या शाळेत आपण शेवटचे केव्हा गेला होता? तिसरा प्रश्न : मागील वर्षाचे अंदाजपत्रक आपण वाचले आहे काय, आणि त्यातील कोणता खर्च आपण कमी करून कोठे वळविला असता? चौथा प्रश्न : आपल्या पक्षाने चुकीचा ठराव आणला, तर विरुद्ध मत देण्याची आपली तयारी आहे काय? आजचे पक्षांचे नियम मला ठाऊक आहेत. कोणी म्हणेल, “गुरुजी, आदेश मोडला तर आमचे सभासदत्वच जाईल.” मी म्हणतो, मतदानाचे बंधन असेल, पण बैठकीत उभे राहून बोलण्याचे, लेखी हरकत नोंदविण्याचे, दारूच्या दुकानाविरुद्ध पत्र लिहिण्याचे बंधन कोणी घातले आहे? जोतीरावांना तर ज्या सरकारने नेमले, त्याच्याच सर्वोच्च अधिकाऱ्याच्या स्वागताला विरोध करावयाचा होता.

भगिनींविषयीही एक शब्द सांगितला पाहिजे. निम्म्या जागा स्त्रियांच्या झाल्या, पण कित्येक ठिकाणी निवडून येते सून आणि कारभार करतो मुलगा. सभेची नोटीस तिच्या नावाने येते, खुर्चीमागे उभा असतो नवरा. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे धरून पुढे चालल्या त्या सावित्रीबाई. पुढे सन १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले, आणि सन १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताकरता त्यांनी देह ठेवला. त्या कोणाच्या पाठीमागे उभ्या नव्हत्या. आपल्या घरातील जी सून निवडून जाईल, तिला सभागृहात एकटीने जाऊ द्या. पहिल्या दोन सभांत ती गप्प बसेल, तिसऱ्या सभेत बोलेल. नवऱ्याने फार तर तिला अंदाजपत्रकाची प्रत आणून द्यावी आणि त्या दिवशी संध्याकाळचा स्वयंपाक करावा.

मंडळानेही आपल्या अंगी काही लावून घ्यावे, अशी माझी विनंती आहे. आपण दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो, वधूवरांच्या याद्या छापतो, ही स्मरणिका काढतो. याच्याच जोडीला दरवर्षी नगरपालिकेचे अंदाजपत्रक मिळवून त्यातील शाळा, पाणी व आरोग्य यांवरील खर्चाची माहिती साध्या मराठीत या स्मरणिकेत छापावी. हे काम अवघड नाही. निवृत्त शिक्षक, कारकून, हिशेबनीस यांचा आपल्या ज्ञातीत तुटवडा नाही. हा मजकूर केवळ आपल्यासाठी नको, जो मागेल त्या प्रत्येकास द्यावा, मग तो कोणत्याही जातीचा असो. मी स्वतः या कामी वेळ द्यावयास तयार आहे. माझ्याकडे आता वेळच वेळ आहे.

जोतीरावांना ११ मे १८८८ रोजी मुंबईच्या सभेत लोकांनी ‘महात्मा’ ही पदवी दिली. तत्पूर्वी ते गंज पेठेतील एक म्युनिसिपल सभासद होते, आणि त्यांनी पत्रे लिहिली, हरकती नोंदविल्या, मते दिली व बहुतेक वेळा हार पत्करली. ‘महात्मा’ होणे आपल्यापैकी कोणाच्याही हाती नाही. चांगला सभासद होणे मात्र ज्याच्या त्याच्या हाती आहे, आणि चांगल्या सभासदास निवडून देणे हे आपणा सर्वांच्या हाती आहे. माझ्या दुरुस्तीचा आपण शांतपणे विचार करावा, पटल्यास ती स्वीकारावी, न पटल्यास विरुद्ध मत द्यावे. या सभेत कोणी एकट्याने माझ्या विरुद्ध हात वर केला, तरी त्याचा मी आदरच करीन.